सॅम म्हणजे नुसता गडी नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (२००१ ते २००३) या चित्रपटमालिकेवरच्या लेखात नायक फ्रोडोचा सोबती सॅम ‘इमानी गडी’ एवढ्यावरच आटोपला. दुसऱ्या भागातला सशाच्या रश्श्याचा प्रसंग पाहा. सॅम सशाचे तुकडे शिजवतो, सोबतीला बटाटे हवे होते म्हणून हळहळतो. त्यांना वाट दाखवणाऱ्या गोलम या विचित्र प्राण्याला ससा कच्चाच पाहिजे. एका गंजात दोन स्वभाव कळतात! पडद्यावरचा गोलम संगणकावर घडवलेला, पण गोलम झालेला नट अँडी सर्किस नुसता आवाज नव्हता. चित्रीकरणात तो समोर वावरला, म्हणून बाकीच्यांची नजर अधांतरी भटकत नाही. आपल्या झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांत काही विनोदी नटांचं नेमकं इथंच बिनसतं. सोबतच्याला सोडून ते टाळ्यांसाठी मंडपाकडे पाहून बोलतात, अन् पात्र तिथंच मरतं.

— एक वाचक, वडसा (जि. गडचिरोली)