नैराश्य उलटलं तेव्हा सोबत राहिलेल्यांचे आभार

नैराश्य बरं होऊनही उलटू शकतं, आणि सुरुवात अगदी बारीक असते: पहाटे तीन-चारला जाग येते, आंघोळ टळते, फोन घ्यावासा वाटत नाही. ही चिन्हं ओळखून "डॉक्टरांची वेळ घेऊ का?" असं विचारणाऱ्या घरच्यांचे मनापासून आभार.

औषधाच्या दुकानातल्या काकांचे तर खासच. बरं वाटलं की गोळी सोडावीशी वाटते आणि घात तिथेच होतो. ती एकदम थांबवली तर चक्कर, मळमळ, चिडचिड सुरू होऊ शकते. बरं वाटू लागल्यावरही साधारण 6 महिने, आणि आजार पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याहून जास्त काळ ती घ्यावी लागते. डोस उतरवायचा तो डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. पाकीट न्यायला कोणी आलं नाही, हे काकांनी लक्षात ठेवलं आणि चौकशी केली. केवढं मोठं काम हे!

शेजारच्या ताई सकाळी सातला दारात उभ्या राहत. फक्त दहा मिनिटं, गल्लीच्या टोकापर्यंत. "मन झालं की ये" म्हटलं असतं तर कुणीच बाहेर पडलं नसतं, कारण या आजारात मन आधी होतच नाही. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात. तोवर अशा दहा मिनिटांचाच आधार.

आणि 14416 वर, टेली-मानसच्या मोफत सेवेत, अपरात्री मराठीतून बोलणारे समुपदेशक! जीव द्यावासा वाटतो का, हे तुम्ही थेट विचारलंत आणि उरलेल्या गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात द्यायला लावल्यात.