तो घोडा ऐबी नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्याच्या पुरवणीत घोड्यांच्या निगेवरचा लेख वाचला. खरारा, खुरांची सफाई, नालबंदी यांबद्दलचा मजकूर चांगला होता. पण शेवटी ‘वाईट सवयी कशा मोडाल?’ अशी चौकट होती. गळपट्टा आवळा, गव्हाणीच्या कडेला कडू लेप लावा, दारावर टापा मारणाऱ्याला दरडावून गप्प करा, असे उपाय तिच्यात दिले होते. ती वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र. मी बरीच वर्षे घोडे सांभाळतो आणि त्या चौकटीतले जवळपास सगळे स्वतः करून चुकलो आहे.

अशा सवयींच्या घोड्याला ‘ऐबी’, म्हणजे खोड असलेला, म्हणायची आपली जुनी रीत आहे. एखादा घोडा पुढच्या पायांवर आळीपाळीने भार टाकत तासन् तास झुलतो. एखादा आपल्या खणात, म्हणजे पागेतल्या कप्प्यात, गोल फिरत राहतो. तिसरा गव्हाणीची कड दातांत धरतो, मान ताणतो आणि घशातून हुंकारासारखा आवाज काढत हवा ओढतो. ऐब म्हटले की दोष घोड्याच्या माथी जातो आणि पागेकडे बघायचे राहून जाते. मोकळ्या रानातल्या घोड्यांत हे प्रकार जवळजवळ दिसत नाहीत.

मोकळा घोडा दिवसाच्या २४ तासांपैकी सोळाएक तास चरतो. थोडे खातो, दोन पावले पुढे जातो, पुन्हा खातो. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्यात आम्ल सतत झिरपत राहते, पोटात चारा असो वा नसो. त्या आम्लाला उतारा लाळेचा, आणि घोड्याची लाळ सुटते ती चावताना. आता पागेतला दिवस पाहा. सकाळी चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, संध्याकाळी चंदी, जोडीला वैरणीची एखादी पेंढी. चंदी काही मिनिटांत संपते आणि पुढचे कित्येक तास तोंड रिकामे राहते. जठरात व्रण होतात ते अशाने. हवा ओढणाऱ्या घोड्यांत असे व्रण पुष्कळदा आढळतात. अशा घोड्याच्या गळ्याला पट्टा आवळला की हवा ओढणे थांबते, पोटातली आग मात्र तशीच राहते. माझ्या एका घोड्याला मी तीन महिने पट्टा घातला होता. ज्या दिवशी काढला त्या दिवशी तो पूर्वीपेक्षा जास्त वेळ गव्हाणीला चिकटून राहिला. तो दिवस आठवला की आजही वाईट वाटते.

म्हणून पहिले काम वैरणीचे. घोड्याच्या वजनाच्या किमान दीड टक्का कोरडा चारा रोज पोटात जायला हवा. ५०० किलोच्या घोड्याला हा हिशेब साडेसात किलोंचा होतो, आणि त्याहून जास्त दिला तर चांगलेच. तो एकदम न टाकता बारीक छिद्रांच्या जाळीतून द्यावा, म्हणजे एकेक काडी ओढून खाण्यात वेळ जातो. तोंड सलग चार तासांहून अधिक रिकामे राहू नये. रात्रीचा लांब पल्ला आपण नेहमी विसरतो. चंदी शक्य तितकी कमी करावी, आणि जी द्यायची ती वैरण खाऊन झाल्यावर, थोडी थोडी करून. हे बदल दहा-पंधरा दिवसांत हळूहळू करावेत. खाणे एकाएकी बदलले तर पोटशूळ उठतो.

झुलणाऱ्या घोड्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला सोबत हवी असते. घोडा कळपातला जीव आहे आणि आपण त्याला चार भिंतींत एकट्याला कोंडतो. माझी एक घोडी शेजारची जागा रिकामी झाल्यापासून झुलू लागली. तिने दारातून मान बाहेर काढून झुलू नये म्हणून मी दाराला गज बसवले, तर ती आत उभी राहून झुलू लागली. ब्रिटनमधील संशोधकांनी २००० आणि २००२ साली प्रसिद्ध केलेली निरीक्षणे नंतर माझ्या वाचनात आली. भिंतीला जाळीची खिडकी करून शेजारचा घोडा दिसू दिला, किंवा खणात आरसाच लावला, तरी झुलणे बरेच कमी होते, असे त्यांत दिसले होते. मी मधली भिंत वरून अर्धी उतरवली आणि पलीकडे एक वयस्कर, शांत घोडा आणून बांधला. आठवडाभरात फरक दिसला. कोणी आरसा लावणार असेल तर काच नको. न फुटणारा प्लास्टिकचा घ्यावा आणि पक्का बसवावा.

‘घोडा का अडला?’ या कोड्याचे उत्तर मराठी घरातल्या प्रत्येक मुलाला पाठ असते: न फिरवल्यामुळे. पण फिरवणे वेगळे आणि मोकळे सोडणे वेगळे. तासभर खोगीर घालून पळवलेला घोडा दमतो, तेवढ्याने त्याची गरज भागत नाही. लगाम नसलेले, दुसऱ्या घोड्यासोबतचे, लोळायला आणि अंग खाजवून घ्यायला मिळणारे काही तास त्याला रोज हवेत.

टापा मारणाऱ्याबद्दल थोडेच लिहितो. चंदीचा डबा वाजला की तो दार बडवतो आणि आवाज असह्य होऊन आपण त्यालाच आधी खाऊ घालतो. मीही तेच करत होतो. त्याच्या दृष्टीने बडवण्याचा मोबदला मिळाला. आता वैरण आधीच समोर असते आणि चंदी तो चारही पायांवर स्थिर उभा असतानाच मिळते. मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, बदलला तरी हा नियम बदलू नये. दहा दिवसांत एकदा चुकलो तरी बडवत राहण्याची आशा त्याला पुरते.

यातले काहीही करण्याआधी पशुवैद्याला बोलवावे. दात, जंत, त्वचेची खाज, पायांतले दुखणे, जठरातले व्रण यांपैकी कशानेही घोडा अस्वस्थ होतो. आणि एक खरे सांगायला हवे. वर्षानुवर्षे हवा ओढणारा घोडा सगळे सुधारूनही ती खोड पूर्ण सोडेलच असे नाही. त्याला तेवढे करू द्यावे, मारू नये, दातांची झीज वरचेवर तपासून घ्यावी. त्याला पाहून शेजारचे घोडे शिकतात या समजाला ठोस आधार नाही. तेव्हा त्याला वेगळे काढून एकटे ठेवण्यात नुकसानच आहे.

खरी काळजी शिंगरांची घ्यायला हवी. २२५ शिंगरांवर चार वर्षे नजर ठेवून केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. आईपासून तोडल्यावर दाणा दिलेल्या शिंगरांत गव्हाण चावण्याचे प्रमाण चौपट निघाले, आणि ही खोड साधारण पाच महिन्यांच्या वयातच लागत होती. म्हणजे आपण पुढे ज्या घोड्याला ऐबी म्हणून विकतो, त्याचा ऐब आपणच दूध तोडताना लावलेला असू शकतो.

माझी विनंती एवढीच आहे की ती चौकट दुरुस्त करून पुन्हा छापावी आणि घोड्याच्या जठरातले व्रण कसे ओळखावेत यावर एखाद्या पशुवैद्याकडून लिहून घ्यावे. चौकट वाचून कोणी या आठवड्यात गळपट्टा विकत आणला असेल, तर तो घोड्याच्या गळ्यात पडण्याआधी हे पत्र त्यांच्या हाती पडावे.

आपला,
घोडे सांभाळणारा एक वाचक