काळा घोड्याला बसायची जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईच्या फोर्ट भागातील काळा घोडा परिसरातील नवी उपाहारगृहे, कपड्यांची उंची दालने आणि उजळून निघालेल्या जुन्या इमारती यांविषयी अलीकडे वारंवार कौतुकाने लिहिले जाते. ते कौतुक पुष्कळसे रास्त आहे. फोर्टमधील एका कचेरीत मी १९७८ पासून २०१४ पर्यंत नोकरी केली आणि त्या काळातील जेवणाची बहुतेक सुट्टी जहांगीर कलादालनात चित्रे पाहण्यात घालवली. त्या नात्याने या परिसराविषयी एक मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ज्या बंडखोर कलापरंपरेच्या नावावर आज हा परिसर ओळखला जातो, ती कोणी ठरवून वसवलेली नव्हती. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या तरुण कलावंतांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला, तेव्हा त्यांच्यापैकी कोणाच्याही पाठीशी पैसा नव्हता. गोव्याच्या साळगावात जन्मलेल्या सूझांना छोडो भारत चळवळीच्या काळात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकण्यात आले होते. कृष्णाजी आरा यांनी घरगडी म्हणून आणि मोटारी धुऊन पोट भरले होते. हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे, तर शिल्पकार सदानंद बाकरे पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात कोकणात मुरूड-हर्णैला जाऊन राहिले. या मंडळींचे १९४९ मधील पहिले प्रदर्शन रॅम्पार्ट रोवरील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात भरले, म्हणजे आजच्या झगमगाटापासून हाकेच्या अंतरावर. त्यांना मिळालेली सर्वांत मोठी मदत म्हणजे चित्रे टांगायला एक भिंत आणि ती पाहून वाद घालायला आलेली माणसे.

कवितेचेही तेच झाले. पन्नाशीच्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ हे सायक्लोस्टाइल केलेले अनियतकालिक काढले आणि साठीच्या दशकात अशोक शहाणे यांच्या ‘असो’सारख्या अनियतकालिकांनी प्रस्थापित मासिकांना न विचारता मराठी साहित्याची वाट बदलली. पदरमोड करून अंक काढणाऱ्यांकडे कचेरी नसे. हॉटेलातले टेबल हेच संपादकाचे टेबल असे. कोलटकर काळा घोडा चौकातील वेसाइड इन या उपाहारगृहात बसत आणि दर गुरुवारी त्यांची मित्रमंडळी तिथे जमत, हे मराठी वाचकांना माहीत आहे. मी त्यांना लांबूनच पाहिले, बोलण्याचे धाडस कधी झाले नाही. त्या खिडकीतून त्यांना दिसलेली इडली विकणारी बाई, झाडूवाल्या आणि रस्त्यावरचे कुत्रे पुढे त्यांच्या काळा घोड्यावरील इंग्रजी कवितांत आले. ते पुस्तक २००४ साली, त्यांच्या निधनाच्या वर्षी, शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’नेच काढले. त्याच्याही आधी, १९७६ मध्ये, कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चौघांनी क्लिअरिंग हाउस या नावाने आपली पुस्तके आपणच छापायला घेतली होती. एका चौकात इतके सारे घडले याचे कारण त्या चौकातील हवापाण्यात नव्हते. तिथे थोडक्या पैशांत तासन्तास बसता येत असे, हे त्याचे कारण होते.

माझ्या पिढीला ही सोय प्रामुख्याने समोवारमध्ये मिळाली. जहांगीरच्याच इमारतीत १९६४ साली सुरू झालेले ते उपाहारगृह आगगाडीच्या डब्यासारखे लांबट आणि अरुंद होते आणि त्याच्या एका बाजूने संग्रहालयाच्या आवारातील झाडे दिसत. चित्र विकले न गेलेला चित्रकार, नाटकाची संहिता काखोटीला मारून आलेला मुलगा, वकील, पत्रकार आणि माझ्यासारखा कारकून शेजारशेजारच्या टेबलांवर बसत आणि पुदिन्याच्या चहाचा एक पेला संपल्यावर कोणी उठा म्हणत नसे. अमूर्त चित्र कसे पाहावे हे मला कोणत्याही वर्गात शिकवले गेले नाही. शेजारच्या टेबलावर दोन चित्रकारांचे कडाक्याचे भांडण चालले होते, ते ऐकता ऐकता मी ते शिकलो. समोवार २०१५ मध्ये बंद झाले. वेसाइड इन त्याच्या कितीतरी आधी गेले होते, आणि तबकडी विकत घेण्यापूर्वी ती ऐकू देणारे ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये गेले.

गेल्या हिवाळ्यात कलाशाखेत शिकणाऱ्या माझ्या भाचीला घेऊन मी त्या बाजूच्या एका नव्या कॅफेत गेलो होतो. एका कॉफीला तीनशेहून अधिक रुपये पडले. तिने वही उघडून समोरच्या इमारतीचे रेखाटन सुरू केले, तेव्हा अर्ध्या तासाच्या आत, आणखी काही मागवणार नसाल तर टेबल मोकळे करा, असे आम्हाला नम्रपणे सांगण्यात आले. त्या कर्मचाऱ्याचा दोष नव्हता. इतके भाडे भरणाऱ्या मालकाला टेबल रिकामे करून घेणे भागच असते. रेखाटन मात्र अर्धेच राहिले.

काळा घोडा असोसिएशनने १९९९ पासून भरवलेला महोत्सव, कनेसेथ एलियाहू सिनेगॉगचे आणि डेव्हिड ससून वाचनालयाचे जीर्णोद्धार, या सर्व गोष्टी मोलाच्या आहेत आणि त्यासाठी झटलेल्यांविषयी मला आदर आहे. तथापि महोत्सव नऊ दिवसांचा असतो, आणि कला घडते ती उरलेल्या ३५६ दिवसांत. जहांगीरमध्ये प्रदर्शनाची तारीख मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते, हे कोणताही तरुण चित्रकार सांगेल. म्हणूनच त्याच दालनाबाहेरील पदपथावर चित्रे मांडून बसणाऱ्या कलावंतांचे महत्त्व मला फार वाटते. नव्या मुलांना कोणाच्याही परवानगीवाचून रसिकांसमोर उभे राहता येते असे तेवढेच ठिकाण तिथे शिल्लक आहे. पदपथ मोकळे करण्याची कोणतीही योजना आखताना त्यांना फेरीवाल्यांच्या यादीत ढकलून हुसकावले जाऊ नये. चित्र काढणाऱ्याच्या पाठीमागे उभे राहून ते पूर्ण होईपर्यंत पाहणारी शाळकरी मुले मी तिथे अनेकदा पाहिली आहेत, आणि दालनात आत गेलेला प्रेक्षकही इतक्या एकाग्रतेने पाहत नाही.

माझी मागणी अशी आहे की, या परिसरातील एखाद्या सरकारी किंवा महापालिकेच्या मालकीच्या इमारतीत तळमजल्यावरील एक मोठी खोली राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाने आणि महापालिकेने मिळून कायमची राखून ठेवावी. तिथे माफक दरात चहा मिळावा आणि तो देण्याचे काम एखाद्या महिला बचत गटाला द्यावे, म्हणजे भाड्याचा बोजा ग्राहकाच्या पेल्यात उतरणार नाही. एका भिंतीवर आठवड्याच्या पाळीने, विनामूल्य आणि निवड समितीविना कोणालाही चित्रे लावता यावीत. अनियतकालिकांचे जुने अंक आणि आज निघणारे छोटे अंक चाळायला मिळावेत. कोलटकर, गाडे, बाकरे यांचा या परिसराशी असलेला संबंध सांगणारा मराठी फलक मला इतक्या वर्षांत तिथे कुठे दिसलेला नाही. तो या खोलीच्या दारावर लागला तर मला आनंद होईल, परंतु फलक लावून खोली विसरली जाणार असेल तर आधी खोली द्यावी.

वेळेचाही विचार व्हावा. दिवसा नोकरी करून कविता लिहिणारी आणि चित्रे काढणारी मुले सहानंतरच मोकळी होतात आणि चर्चगेट किंवा सीएसएमटीहून लोकल पकडून विरारला, डोंबिवलीला परततात. ही खोली सरकारी वेळेप्रमाणे सव्वासहाला बंद न होता रात्री दहापर्यंत उघडी राहिली, तरच ती त्यांच्या उपयोगाची ठरेल.

आपला,
एक जुना वाचक, गिरगाव, मुंबई