कुलूप न उघडू दिल्याबद्दल

काका,
साष्टांग नमस्कार.

फोनवर ‘आभार कसले’ म्हणून तुम्ही विषयच झटकलात, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

आमचा फ्लॅट वाकडला, मी सांगलीत. तीन मुलं राहायची, भाडं एक तारखेच्या आत खात्यावर. असे भाडेकरू मिळायला नशीब लागतं, असं मी बहिणीला ऐकवायचे! मग आयपीएल सुरू झाली आणि सेक्रेटरींचा फोन आला. खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली, एसी दिवसरात्र चालू, रोज संध्याकाळी नवे चेहरे. विजेचं बिल बघितलं, तर तिप्पट. मॅचवरचा सट्टाच चालतोय, असा संशय आला.

रात्रीच्या गाडीनं निघाले ती डुप्लिकेट चावी घेऊनच. मुलं बाहेर पडली की सामान जिन्यात काढायचं, नाहीतर लाइट-पाणी तरी तोडायचं, एवढंच डोक्यात. तुम्ही गेटवरच अडवलंत, घरी नेऊन चहा पाजलात. ‘ताई, करार चालू आहे तोवर ताबा त्यांचा. कुलूप उघडलंत तर तक्रार तुमच्यावर होईल.’ आणि कळूनसवरून गप्प बसले, तर 1887 चा जुगारबंदीचा कायदा घरमालकालाही सोडत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. नोकरीतून निवृत्त झालात, पण खाकी काही उतरली नाही!

मग अर्ज. मी ‘सट्टा चालतो’ असं लिहिलं, तुम्ही ते खोडलंत. ‘तुम्ही पाहिलात का? मग जे दिसलं तेवढंच लिहा.’ तारखा, वेळा, बिलाची आणि कराराची प्रत. वर पोच घेतल्याशिवाय चौकीतून हलू दिलं नाहीत.

करार नोंदवलेला होता, पण पोलीस पडताळणी मी केलीच नव्हती. ‘नोंदणीतच सगळं येतं’ म्हणणाऱ्या एजंटावर विसंबले. तुम्ही त्यावरून एक शब्द बोलला नाहीत, ते जास्त लागलं.

चार दिवसांनी धाड पडली. लॅपटॉप, वह्या, पिशवीभर मोबाइल. जबाबाला मला दोनदा बोलावलं. ती पोच पुढे ठेवली, की साहेबांचा सूर बदलायचा. दोन्ही वेळा तुम्ही गुडघा चोळत बाकावर बसून होतात.

आता एक नर्स आणि तिची आई राहायला येतायत. पडताळणीचा अर्ज या वेळी मी स्वतः भरलाय. चावी द्यायला रविवारी येतेय, भडंग घेऊन. काकूंना सांगा, तिखट कमीचं आणते.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची घरमालकीण