चाहत्यांची चित्रे आणि विक्रीचा हक्क

महोदय,

कॉमिक कॉनसारख्या कॉमिक्सप्रेमींच्या मेळ्यांत लोकप्रिय पात्रांची चाहत्यांनी काढलेली चित्रे छापलेले टी-शर्ट, स्टिकर, मग सर्रास विकले जातात. ‘चित्र मी काढले, म्हणजे हक्क माझा’ हा समज चुकीचा आहे. कॉपीराइट कायदा, 1957च्या कलम 52मधली सूट खासगी वापर, समीक्षा अशा कामांपुरती आहे. असा माल विकणे तिच्यात बसत नाही. ‘30 टक्के बदल केला की चालते’ असा नियम कायद्यात कुठेही नाही, आणि खाली श्रेय लिहिल्याने परवानगी मिळत नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम 63नुसार 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पात्राचे नाव वा बोधचिन्ह नोंदलेले असेल तर ट्रेडमार्कचा प्रश्न वेगळाच.

पात्राचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून परवाना लेखीच घ्यावा. त्यात वस्तू, नग, मुदत आणि प्रदेश लिहून घ्यावा; मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर भारत.

मात्र मला सर्वांत जास्त खटकते ते दुसऱ्या चाहत्याचे चित्र नेटवरून उचलून छापणे. त्यात मूळ निर्माता आणि तो होतकरू चित्रकार, दोघेही लुबाडले जातात. पात्रांचे हक्क असलेल्या कंपन्यांनीही 100-200 नगांसाठी परवडणारे परवाने द्यायला हवेत.

– एक वाचक, पुणे