कडेने दिसणाऱ्या दीर्घिकेतला दंड

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या विज्ञानविषयक पानांवर दीर्घिकांची छायाचित्रे आता वरचेवर छापली जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यांखालच्या मजकुरात दीर्घिकेचे नाव आणि अंतर यांपलीकडे सहसा काही नसते. ती आपल्या दृष्टिरेषेशी किती कललेली आहे आणि छायाचित्र कोणत्या प्रकाशात घेतले आहे, हेही तेथे आवर्जून छापले जावे, असे मला मनापासून वाटते. कडेने दिसणाऱ्या दीर्घिकेचे चित्र या दोन गोष्टींवाचून उलगडतच नाही. एनजीसी ४५६५ या यादी-क्रमांकाने ओळखली जाणारी दीर्घिका हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

विल्यम हर्शेल यांनी १७८५ मध्ये शोधलेली ही दीर्घिका अरुंधती केश या तारकासमूहात, आपल्यापासून सुमारे चार कोटी प्रकाशवर्षांवर आहे. तिची तबकडी जवळजवळ पूर्णपणे कडेने दिसत असल्यामुळे ती प्रकाशाची लांब, बारीक रेघच भासते आणि म्हणून तिला ‘सुई दीर्घिका’ असेही म्हणतात. आकाशातली तिची लांबी पूर्णचंद्राच्या व्यासाच्या साधारण निम्मी भरते. रेघेच्या लांबीभर धुळीचा काळा पट्टा आहे. तबकडीचा कल (नेमकी समोरून दिसली तर शून्य आणि पूर्ण कडेने दिसली तर नव्वद अंश) नव्वद अंशांना थोडा कमी पडत असल्याने तो पट्टा केंद्राभोवतीच्या ताऱ्यांच्या फुगवट्याच्या नेमक्या मध्यातून न जाता किंचित बाजूने जातो. सर्पिल भुजा मात्र एकमेकींच्या आड येतात आणि त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत.

मग या दीर्घिकेच्या केंद्रातून ताऱ्यांचा दंड, म्हणजे ताऱ्यांचा लांबट, सरळ पट्टा गेला आहे, हे कशावरून ठरवायचे? उत्तर फुगवट्याच्या आकारात आहे. तो गोलसर नसून चौकोनी पेटीसारखा दिसतो. कोम्ब आणि सँडर्स या खगोलशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये संगणकावर केलेल्या प्रारूपांतून असे दिसले की, तबकडीत तयार झालेला दंड कालांतराने तबकडीला लंब दिशेने जाड होतो, कारण त्यातील ताऱ्यांच्या कक्षा तबकडीच्या वर आणि खाली पसरू लागतात. असा दंड त्याची पूर्ण लांबी आडवी दिसेल असा बाजूने पाहिला तर भुईमुगाच्या शेंगेसारखा, आणि तिरका पाहिला तर पेटीसारखा दिसतो. म्हणजे ज्याला आपण फुगवटा समजतो तो बव्हंशी दंडच असतो.

तरीही एक प्रश्न उरत होता. समोरून दिसणाऱ्या दंडयुक्त दीर्घिकांमध्ये दंडाच्या मध्यभागी आणखी एक लहान, तेजस्वी घटक असतो. तो येथे कुठे गेला? कोरमेंडी आणि बॅरेंटाइन या खगोलशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये स्पिट्झर आणि हबल या अवकाश दुर्बिणींनी अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात घेतलेल्या प्रतिमा तपासल्या, आणि धूळ भेदून येणाऱ्या त्या प्रकाशात दंडापासून व तबकडीपासून स्पष्टपणे वेगळा असा लहान, चपटा घटक केंद्रात सापडला. दृश्य प्रकाशात तो धुळीच्या पट्ट्यामागे दडलेला होता. एकाच दीर्घिकेची दोन छायाचित्रे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, म्हणूनच प्रकाशाचा उल्लेख आवश्यक ठरतो.

आपली आकाशगंगाही दंडयुक्त आहे आणि तबकडीच्या आत राहत असल्यामुळे आपणही तिला कडेनेच पाहतो. तिच्या केंद्राभोवतीचा पेटीसारखा आकार अवरक्त निरीक्षणांतूनच स्पष्ट झाला. एनजीसी ४५६५ मात्र आपल्या आकाशगंगेच्या तबकडीच्या उत्तर ध्रुवाजवळ, म्हणजे तबकडीला जवळजवळ लंब दिशेला असल्याने तिच्या आड आपल्याकडची धूळ फारशी येत नाही, आणि आपल्यासारख्या दीर्घिकेची जाडी, धूळ व दंड हे सारे बाहेरून अभ्यासण्याची ही मोठी सोय आहे.

एप्रिल-मेच्या रात्री ती महाराष्ट्रातून जवळजवळ डोक्यावर येते. शहरापासून दूर, चंद्र नसताना, सहा ते आठ इंची दुर्बिणीतून तिची रेघ आणि मधला फुगवटा ओळखता येतो. त्या महिन्यांत आपल्या दैनिकाने तिचे दृश्य आणि अवरक्त अशी दोन्ही छायाचित्रे शेजारी शेजारी छापावीत, ही विनंती.

आपला,
एक आकाशनिरीक्षक वाचक, पुणे