लिलाव झाला, पण घर कुणाचं?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घरपट्टी थकलेल्या मिळकतींच्या लिलावाची बातमी कालच्या अंकात वाचली. वसुली व्हायलाच हवी. वेळेवर पट्टी भरणाऱ्यांनी दुसऱ्यांचा भार का सोसावा? पण मिळकत नेमकी कुणाची, हे लिलावाआधी कोण तपासणार, याबद्दल बातमीत एक ओळ नाही.

माझ्या आत्याचं राहतं घर असंच गेलं. उतारा आजोबांच्या नावावर. ते वारून कैक वर्षं झाली, पण वाटणीचा दावा कोर्टात पडून असल्याने वारसा नोंद झालेली नाही. नोटीस निघाली ती मयत आजोबांच्या नावाने. कर्मचारी ती दाराला डकवून निघून गेला. आत्या तेव्हा चंदगडला लेकीकडे होती. रेशन कार्ड त्याच पत्त्यावरचं, गल्लीत सगळे तिला ओळखतात, तरी शेजारी साधी चौकशी केली नाही! 1964 च्या कर्नाटक भूमहसूल कायद्याप्रमाणे लिलावानंतर 30 दिवसांत थकबाकी आणि वर खरेदीच्या रकमेवर 5 टक्के भरले, तर विक्री रद्द करून घेता येते. आत्याला कळलं तोवर ती मुदत उलटून गेली होती.

ज्यांनी घर घेतलं त्यांचेही हालच. पैसे भरले, कागद मिळाला, पण दावा चालू आहे म्हणून उताऱ्यावर नाव चढत नाही. नाव नाही म्हणून बँक कर्ज देत नाही. कुलूपबंद घराची कौलं पावसात खाली आली. भानगडीची मिळकत म्हणून बोलीही कमी लागली होती. थकबाकी वजा जाता उरलेली रक्कम वारसांची, पण वारस कोण हे ठरलेलं नाही म्हणून तीही अडकली. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात सुमारे 15 हजार डॉलरच्या थकबाकीपोटी एका वृद्धेचं घर 40 हजारांना विकून स्थानिक प्रशासनाने सगळेच पैसे ठेवून घेतले होते. 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते एकमताने चुकीचं ठरवलं. आत्याचे पैसे तर कुणी नाकारलेलेही नाहीत, फक्त देत नाहीत.

लिलाव पुकारण्याआधी सिटी सर्व्हेची नोंद, उपनिबंधकांकडचा बोजा आणि हयात वारस तपासा. प्रत्येकाच्या हातात नोटीस द्या. विक्री कायम झाली की खरेदीदाराचं नाव चढवून देण्याची जबाबदारीही लिलाव करणाऱ्या कार्यालयानेच घ्यावी.

आणि ती नोटीस निव्वळ कन्नडमध्ये होती. 15 टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्याक असतील तिथे त्यांच्या भाषेत कागदपत्रं द्यावीत, असं 1981 चा कर्नाटक स्थानिक संस्था राजभाषा कायदा सांगत असे. मराठीत असती तर शेजारणीनेच वाचून आत्याला फोन केला असता. निदान आपण तरी लिलावाच्या याद्या मूळ मालकाचं नाव आणि गल्लीसकट मराठीत छापाव्यात, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, बेळगाव